लोहारसाळ: प्रतिमा होण्याआधी

शेमस हीनी यांच्या 'द फोर्ज' या कवितेवर जे समीक्षालेखन आमच्या वाचनात आले, त्यातील बहुतेकांचा निष्कर्ष जणू आधीच ठरलेला असतो. लोहार म्हणजे कवी, लोखंड म्हणजे भाषा, ऐरण म्हणजे वेदी आणि लोहारसाळेतला काळोख म्हणजे सर्जनाचे गूढ. ही समीकरणे फळ्यावर मांडून झाली की कविता 'झाली' असे मानले जाते. विद्यार्थी ती उतरवून घेतात आणि परीक्षेत तीच उत्तरे म्हणून परत येतात. हे वाचन चुकीचे आहे असे आम्हांला म्हणायचे नाही. ते घाईचे आहे, असे मात्र आम्हांला निश्चितपणे म्हणायचे आहे. या घाईत आयर्लंडच्या खेड्यातील एक अख्खा व्यवसाय, त्याचे ज्ञान आणि त्याच्या भोवतीचा गाव आपण कवीच्या आत्मचरित्राची सामग्री करून टाकतो. लोहारसाळ प्रतिमा होण्याआधी लोहारसाळ होती. वाचनाची सुरुवात तिथून झाली तर ही कविता उणावत नाही, उलट अधिक नेमकी होते, असा आमचा दावा आहे.

'द फोर्ज' हे चौदा ओळींचे सुनीत हीनी यांच्या 'डोअर इंटू द डार्क' (१९६९) या दुसऱ्या प्रमुख संग्रहात आहे आणि संग्रहाचे शीर्षक याच कवितेच्या पहिल्या ओळीतून घेतलेले आहे. कवितेतील निवेदक लोहारसाळेच्या बाहेर उभा आहे. बाहेर गंजत पडलेले लोखंड त्याला दिसते, आतील घणाचा आवाज ऐकू येतो, ठिणग्यांचा पिसारा क्षणभर नजरेस पडतो. ऐरण आत कुठेतरी मध्यभागी असावी, असा तो अंदाज करतो. चामड्याचा ॲप्रन बांधलेला लोहार दाराच्या चौकटीला टेकून रस्त्यावरच्या मोटारींकडे पाहतो, कधीकाळच्या टापांचा आवाज आठवतो आणि पुन्हा आत जाऊन कामाला लागतो. निवेदक शेवटपर्यंत उंबरठा ओलांडत नाही. या कवितेत काय दिसते आणि काय दिसत नाही, याचा विचार येथूनच व्हायला हवा.

आत काय होते, हे सांगणारा दुसरा एक मोठा दस्तऐवज आयर्लंडमध्ये उपलब्ध आहे आणि तो शाळकरी मुलांनी लिहिलेला आहे, ही गोष्ट साहित्याच्या वर्गात क्वचितच सांगितली जाते. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात प्राथमिक शाळांमधून लोकपरंपरा गोळा करण्याची योजना राबवली. वरच्या वर्गांतील, साधारण अकरा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींनी निबंधाच्या तासाला नेहमीचा निबंध न लिहिता घरातल्या व शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले लिहून आणायचे, अशी ही कल्पना होती. आयोगाचे अभिलेखपाल शॉन ओ सुलिव्हन यांनी शिक्षकांसाठी विषयवार प्रश्नांची पुस्तिका तयार केली होती. सुमारे ५,००० शाळांनी भाग घेतला, सुमारे ७,४०,००० पाने जमली आणि त्यांतील बऱ्याच पानांचे १,१२८ बांधीव खंड आज डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील राष्ट्रीय लोकसाहित्य संग्रहात आहेत. आयोगाच्या संपूर्ण संग्रहाची नोंद युनेस्कोने २०१७ मध्ये 'जागतिक स्मृती' सूचीत केली.

पुस्तिकेतील विषयांपैकी एक विषय होता 'गावातील लोहारसाळ'. त्याखालचे प्रश्न अगदी साधे होते. परिसरात लोहारसाळा किती? लोहारकी घराण्यात किती पिढ्यांपासून आहे? लोहारसाळ कुठे आहे, चौरस्त्यावर की ओढ्याकाठी? छप्पर कशाचे, दार कसे, भाता कसा, हत्यारे कोणती? लोहार कशाकशाला नाल ठोकतो? उघड्यावर कोणते काम होते? भट्टीतल्या पाण्याला काही गुण आहे असे लोक मानतात का? मुलांनी याची उत्तरे त्यांच्या त्यांच्या भाषेत, कुठे आयरिशमध्ये तर कुठे इंग्रजीत, लिहून दिली. घोड्यांचे व गाढवांचे नाल, फाटके, बिजागऱ्या, पीट कापण्याची फावडी, चुलीवर भांडे टांगण्याचे आकडे आणि फिरते दांडे अशा वस्तूंच्या याद्या त्यांत आहेत. तापलेले लोखंड ज्या पाण्यात बुडवतात, त्या पाण्याने चामखीळ जाते, ही समजूत गावोगावच्या नोंदींत पुन:पुन्हा भेटते. संध्याकाळी लोहारसाळेत माणसे जमत, बातम्या सांगत, गोष्टी रंगत, हेही मुलांनी टिपले आहे. पाऊस पडत असताना शेतात काम नाही आणि भट्टीपाशी ऊब आहे, अशा ठिकाणी गाव जमणार नाही तर कुठे जमेल?

या वह्यांत अलंकरण नाही. पण कवितेच्या शेजारी त्या ठेवल्या, आणि लोहारकामाची थोडी माहिती करून घेतली, की कवितेतील एकेक तपशील वेगळ्या प्रकाशात दिसू लागतो.

पहिला तपशील काळोखाचा. समीक्षेने या काळोखाला अबोध मन म्हटले, प्रेरणेचा गाभारा म्हटले, मृत्यूचीही सावली म्हटले. लोहाराला विचारले असते तर त्याने अधिक साधे उत्तर दिले असते: काळोख हे माझे मापक आहे. लोखंड किती तापले हे लोहार त्याच्या रंगावरून ओळखतो. गडद लाल, नारिंगी, पिवळा, आणि दोन तुकडे एकमेकांत सांधायचे तर जवळजवळ पांढरा, अशा छटांतून तो काम करतो. लख्ख उन्हात या छटा नीट दिसत नाहीत, तापमान ओळखण्यात चूक होते, लोखंड जळते किंवा सांधा पकडत नाही. म्हणून लोहारसाळ अंधारी ठेवावी लागते. बाहेरून जे गूढ दिसते ते आतून पाहण्याचे साधन आहे. ही माहिती हाताशी असेल तर काळोख म्हणजे सर्जनाचे गूढ, हे विधान वेगळ्या पद्धतीने करता येईल. सर्जनाचा काळोख हा कदाचित न दिसण्यासाठी नसून सूक्ष्म फरक दिसावेत म्हणून असतो. आमच्या मते हे जुन्या समीकरणापेक्षा अधिक समृद्ध विधान आहे आणि ते भट्टीने दिलेले आहे.

दुसरा तपशील आवाजाचा. घणाचे घाव सलग एका सुरात पडत नाहीत. तुकडा सांडशीने फिरवताना लोहार हातोडा ऐरणीवर हलकेच उसळू देतो, त्यामुळे हाताची लय तुटत नाही. लोखंडावरचा जड घाव आणि रिकाम्या ऐरणीवरचा टणत्कार असे दोन वेगवेगळे आवाज त्यातून निघतात. वृत्तात लिहिणाऱ्या कवीच्या कानाला याचे आकर्षण वाटले असेल तर नवल नाही. आघात आणि विश्रांती यांची ही मांडणी पद्याच्या अगदी जवळची आहे.

तिसरा तपशील अधिक मार्मिक आहे. पाण्यात बुडवलेल्या नालेचा चर्र आवाज ऐकून कवितेतील निवेदक नाल कणखर होत असल्याचे सांगतो. वस्तुतः नालेसाठी वापरतात ते मऊ, अत्यल्प कार्बनचे लोखंड पाण्यात बुडवल्याने फारसे कठीण होत नाही. ते हाताळता यावे म्हणून थंड केले जाते. पाणी द्यायचे असते ते पोलादाला, म्हणजे छिन्नीला, पात्याला, धारेच्या हत्याराला. मराठीत 'पाणीदार' हा शब्द आपण सहज वापरतो, त्याच्यामागे शस्त्राला पाणी देण्याची हीच क्रिया आहे. हीनींनी चूक केली, असे दाखवून देण्याचा आमचा हेतू नाही. निवेदक दाराबाहेर आहे, त्याला आवाज ऐकू येतो आणि अर्थ तो स्वतः भरतो, हे येथे स्पष्ट दिसते. कवितेची दृष्टी जिथे संपते तिथे तिची कल्पना सुरू होते, आणि ही सीमारेषा नेमकी कुठे आहे हे कळायला लोहारकीची माहितीच उपयोगी पडते.

चौथा तपशील दाराबाहेर पडलेल्या लोखंडी कड्यांचा. बहुतेक विद्यार्थी ही ओळ भंगाराचे वर्णन म्हणून ओलांडून जातात. ही कडी म्हणजे गाडीच्या लाकडी चाकावर चढवायच्या धावा. धाव चढवणे हे लोहारसाळेतील सर्वांत जाहीर काम होते. ते आत मावत नसे. अंगणात पीटचा गोल विस्तव रचून त्यात लोखंडी कडे तापवायचे, ते फुगले की दोघातिघांनी सांडशांनी उचलून चाकावर बसवायचे आणि लाकूड जळू लागण्याच्या आत पाणी ओतायचे. कडे आकसते आणि चाकाचे सगळे सांधे घट्ट आवळले जातात. या कामाला सुतार लागे, शेजारी लागत, पोरे भोवती जमत. मुलांच्या वह्यांत या कामाची वर्णने इतकी आहेत ती म्हणूनच: हे काम त्यांनी स्वतः पाहिले होते. अशी कडी गंजत पडली आहेत, याचा अर्थ गावात गाड्या उरल्या नाहीत आणि त्या निमित्ताने जमणारी माणसेही उरली नाहीत. कवितेतील शोक लोहाराने मोटारींकडे पाहण्याच्या कितीतरी आधी, दारातच, सुरू झालेला आहे.

कवी आणि लोहार यांचे नाते हीनींनी हवेतून आणले, असेही कुणी समजू नये. आयरिश परंपरेत ते फार जुने आहे. मुन्स्टरचा राजा व बिशप कोर्मॅक (मृत्यू ९०८) याच्या नावावर असलेल्या शब्दकोशात ब्रिगिड या देवतेचा उल्लेख आहे. एक ब्रिगिड कवींची, आणि तिच्या त्याच नावाच्या दोन बहिणी, एक वैद्यांची व दुसरी लोहारांची. कविता आणि लोहारकी या तेथे सख्ख्या बहिणी आहेत. मॉयतुराच्या लढाईच्या कथेत गोइब्न्यू हा देवांचा लोहार आहे आणि युद्ध चालू असताना तो शस्त्रे घडवत राहतो. अल्स्टरचा महावीर कू हुलिन याचे नावच मुळी एका लोहारावरून आले आहे. कुलान लोहाराचा राखणदार कुत्रा मारल्याची भरपाई म्हणून बाल सेटांटाने त्या कुत्र्याची जागा घेतली आणि तो 'कुलानचा कुत्रा' झाला. संत पॅट्रिक यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या रक्षास्तोत्रात ज्यांच्या मंत्रांपासून रक्षण मागितले आहे त्यांत लोहारही आहेत. लोहार बरे करू शकतो, शाप देऊ शकतो, ही भावना १९३७ सालच्या वह्यांतील चामखिळीच्या पाण्यापर्यंत टिकून होती. मॅकगोवन या आडनावाचा अर्थच 'लोहाराचा पुत्र', आणि इंग्रजी अंमलात यातील अनेक घराणी 'स्मिथ' झाली.

या सामर्थ्याची राजकीय बाजूही विसरता येत नाही. १७९८ च्या बंडात शेतकऱ्यांच्या हाती जे भाले होते त्यांची पाती गावच्या लोहारसाळांतच घडली होती. म्हणूनच लोहार सरकारी संशयाचे पहिले धनी ठरले. भाले कुणासाठी केले हे वदवून घेण्यासाठी त्यांना फटके मारण्यात आले. 'डोअर इंटू द डार्क' याच संग्रहात व्हिनेगर हिलवर (२१ जून १७९८) पडलेल्या बंडखोरांवरची 'रिक्विएम फॉर द क्रॉपीज' ही कविता आहे. या दोन कविता एकाच संग्रहात काही पानांच्या अंतराने येतात, पण वर्गात त्या एकत्र वाचल्या जात नाहीत. एक 'कवितेविषयीची कविता' म्हणून बाजूला ठेवली जाते, तर दुसरी 'इतिहासाची कविता' म्हणून. लोहारसाळ हे दोन्हींना जोडणारे ठिकाण आहे, हे मग दिसतच नाही.

जेम्स जॉइस यांची 'अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट ॲज अ यंग मॅन' (१९१६) ही कादंबरी संपताना स्टीफन आपल्या आत्म्याच्या भट्टीत वंशाची सदसद्विवेकबुद्धी घडवायची भाषा करतो. ते वाक्य इतके प्रसिद्ध झाले की आयरिश साहित्यातील पुढची प्रत्येक भट्टी आपण त्याच्या उजेडात पाहू लागलो. परंतु स्टीफनच्या भट्टीत कोळसा नाही, घोडा नाही, गिऱ्हाईक नाही. हीनींच्या लोहाराला नाकातले केस आहेत. हा फरक किरकोळ नाही. शहरातील तरुणाची भट्टी पूर्णतः रूपक आहे. शेतकऱ्याच्या मुलाची भट्टी रस्त्याच्या कडेला आहे.

ती खरोखरच होती. डेरी परगण्यात कॅसलडॉसनजवळ हिलहेड येथे बार्नी डेव्हलिन यांची लोहारसाळ हीनींच्या मॉसबॉन या घरापासून फार दूर नव्हती आणि कवितेमागची लोहारसाळ तीच, हे सर्वमान्य आहे. येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. मुलांच्या वह्यांची योजना आयर्लंडच्या दक्षिणेकडील सव्वीस परगण्यांपुरती होती. फाळणीनंतर ब्रिटिश राज्यात राहिलेल्या उत्तरेतील सहा परगण्यांपर्यंत ती गेली नाही. त्यामुळे हिलहेडची लोहारसाळ त्या खंडांत असणे शक्य नव्हते. हीनींचा जन्म १९३९ चा, म्हणजे योजना संपली त्या वर्षीचा. न गोळा झालेली ती वही तीस वर्षांनी सुनीताच्या रूपात लिहिली गेली, असे आम्हांला वाटते.

तोवर व्यवसाय मावळत आला होता. त्याचे कारणही बव्हंशी अल्स्टरमध्येच जन्मले होते. डाउन परगण्यातील शेतकऱ्याचा मुलगा हॅरी फर्ग्युसन (जन्म १८८४) याने ट्रॅक्टरला अवजार जोडण्याची तीन टेकूंची पद्धत विकसित केली. १९४६ ते १९५६ या काळात कॉव्हेन्ट्रीत बनलेला त्याचा छोटा राखी ट्रॅक्टर आयर्लंडच्या लहान शेतांना नेमका मानवला. घोडे गेले, घोड्यांबरोबर नाल गेले, गाड्यांबरोबर धावा गेल्या. दक्षिणेत १९४६ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचा पहिला खांब उभा राहिला आणि पुढे विजेवरचे जोडकाम खेड्यात आले. जे लोहार टिकले ते फाटके, कठडे, यंत्रांची दुरुस्ती यांवर टिकले. यात खलनायक कुणी नाही. ट्रॅक्टरने शेतकऱ्याचे कष्ट वाचवले, आणि भट्टीसमोर धुरात, लाथा खात काढलेले आयुष्य सुखाचे होते असे म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या कष्टांवर आपला गतकातर गोडवा चढवणे होय.

बार्नी डेव्हलिन मात्र प्रतिमा होऊन थांबले नाहीत. नव्या सहस्रकाच्या मध्यरात्री त्यांनी आपल्या ऐरणीवर बारा ठोके दिले आणि ते कॅनडातील एडमंटनच्या नातलगाने दूरध्वनीवर ऐकले. हीनींनी यावर 'मिडनाइट ॲन्व्हिल' ही कविता लिहिली. ती 'डिस्ट्रिक्ट अँड सर्कल' (२००६) या संग्रहात आहे. पहिल्या कवितेत लोहार अनामिक आहे, दुसरीत त्याला नाव आहे. पहिलीत कवी दाराबाहेर आहे, दुसरीत तो त्या रात्री तेथे नव्हताच, पण ज्यांच्यापर्यंत आवाज पोचला ती माणसे कवितेत आली आहेत. सदतीस वर्षांत हीनी स्वतः प्रतिमेकडून माणसाकडे आले. त्यांच्या वाचकांनी तो प्रवास करायला हरकत नसावी. हीनी २०१३ मध्ये गेले, डेव्हलिन २०१६ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. कविता म्हणजे व्यवसायकोश नव्हे. वाचकाला भाता कसा चालतो हे ठाऊक नसले तरी कविता त्याच्यापर्यंत पोचली पाहिजे. ती पोचतेच. आमचा मुद्दा पोचण्याचा नाही, शिकवण्याचा आहे. विद्यार्थ्याला आपण 'लोहार म्हणजे कवी' हे सूत्र आधी देतो, तेव्हा कवितेतील वस्तूंकडे पाहण्याची गरजच आपण काढून घेतो. वस्तू आधी पाहिल्या तर रूपक त्याचे त्याला सापडते, आणि स्वतः सापडवलेले रूपक परीक्षेनंतरही टिकते.

ही कविता मराठीत आणू पाहणाऱ्याला हा धडा पहिल्याच पायरीवर मिळतो. शीर्षकाला 'लोहारसाळ' म्हटले तर घोडा हरवतो, कारण आपल्याकडे नाल ठोकणारा नालबंद आणि फाळ शेवटून देणारा लोहार हे सहसा वेगळे. आयर्लंडच्या खेड्यात तो एकच माणूस. शिवाय मराठी 'लोहार' या शब्दाबरोबर बलुते येते, जात येते. आयरिश लोहारकीही घराण्यात चालत असे, पण तिच्याभोवती जातीची भिंत नव्हती. उलट आदरयुक्त भीतीचे वलय होते. अनुवादात हे एका शब्दाने साधणार नाही आणि रूपकाची घाई असलेल्या अनुवादकाच्या तर ते ध्यानातही येणार नाही. गावच्या कारागिरांची तपशीलवार मांडणी मराठीत त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) मध्ये केली. पण ती महसूल खात्यातील अधिकाऱ्याच्या नजरेची. ज्या मुलांनी भात्याची दोरी ओढून पाहिली त्यांना लिहायला सांगण्याचे शहाणपण आयर्लंडने दाखवले, हे आम्हांला विशेष वाटते.

म्हणून साहित्याच्या शिक्षकांपुढे आमचा प्रस्ताव साधा आहे. 'द फोर्ज' शिकवताना पहिला तास लोहारसाळेला द्यावा. काळोख कशासाठी, ऐरणीला शिंग का, धाव कशी चढते, बाहेरची कडी का गंजली, हे बोलून घ्यावे. एखाद्या शाळकरी मुलीने १९३८ साली निबंधाच्या तासाला लिहिलेले पान कवितेशेजारी ठेवावे. त्या दोन लेखनांत श्रेष्ठ कोणते, हा प्रश्न विचारूच नये. एक दारातून पाहते, दुसरे आतून मोजते, आणि लोहारसाळ कळायला दोन्ही लागतात. कवी आणि लोहार यांचे साम्य दुसऱ्या तासाला सांगता येईल. बहुधा तोवर ते सांगण्याची गरज उरणार नाही.